बारा घरांतले कूलर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणायची, नाकावर माशी बसू देत नाहीस, मग माणूस कसा बसेल जवळ? आई गेली, आणि त्यानंतर पुण्यात माझ्या स्वभावाबद्दल बोलणारंही कुणी उरलं नाही. भाऊ-वहिनी होते, दिवाळीला त्यांचं शुभेच्छापत्र यायचं. ब्याण्णव साली मी दिल्लीला आले, तिथल्या एका विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी विभागात संशोधनाला लागले आणि मुनिरकात चौधरींच्या तीन मजली घरात वरची खोली घेतली. चौधरीण मला सहा वर्षं 'पूनावाली' म्हणत होती. तिला माझं नाव माहीत होतं की नाही, देव जाणे.

दिल्लीत तेव्हा रोज नवीन काहीतरी येत होतं. परदेशी फ्रिज, परदेशी टीव्ही, नोएडात आणि गुडगावात शेतांच्या जागी सोसायट्या. दुकानदार छाती फुगवून सांगायचे, "मैडम, ख़राब हो जाए तो फेंक देना, नया ले लेना." ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण माझं संशोधन नेमकं उलट होतं. वस्तू अशी बनवायची की बिघडली तर घरच्या माणसाला उघडता यावी, उघडली तर परत जोडता यावी, आणि शेवटी भंगारात निघालीच तर लोखंड लोखंडात आणि प्लॅस्टिक प्लॅस्टिकात जावं. माझे गाइड सब्बरवाल सर याला 'सस्टेनेबल डिझाइन' म्हणत आणि तो शब्द उच्चारताना चष्मा काढत. विभागातली बाकीची मंडळी मला कबाडी म्हणत. मी खरोखरच भंगारवाल्यांकडून मोडके कूलर आणून लॅबमध्ये उघडत बसायचे, तेव्हा त्यांचंही फार चुकत नव्हतं.

दिल्लीचा कूलर म्हणजे खिडकीबाहेर बसवलेला पत्र्याचा भला मोठा डबा. तळाशी पाण्याची टाकी, पाणी वर चढवणारा छोटा पंप, तीन बाजूंना ओल्या गवताचे पडदे आणि मधे पंखा. मे महिन्यात लूचा भाजणारा वारा वाहू लागला की त्याच्याशिवाय माणूस जगत नाही. पण दोन-तीन उन्हाळ्यांत टाकीचा तळ गंजतो, आणि टाकी डब्याला वेल्ड केलेली असल्यामुळे तळ गेला की अख्खा कूलर गेला. माझ्या कूलरची टाकी सुटी होती. भंगारातल्या बादल्या आणि टब वितळवून केलेल्या प्लॅस्टिकची, सांगाड्याला त्याच प्लॅस्टिकच्या आठ क्लिपांनी अडकवलेली. क्लिपा दाबल्या की टाकी हातात. टाकी दुसऱ्या कुणालाही सुचली असती. क्लिपा मात्र माझ्या होत्या. त्यांच्या एकेका वळणावर मी महिने घालवले होते.

नोएडात सूदसाहेबांचा कारखाना होता. त्यांनी असे बारा कूलर बनवून दिले. दोन उन्हाळे घरोघरी वापरायचे, टिकले तर सूदसाहेब टाकीचा आणि क्लिपांचा मोठा साचा करून घेणार आणि मग हजारोंनी कूलर काढणार, असं ठरलं. साचा एकदा कापला की त्यात फेरफार होत नाही. म्हणून बारा घरांचा अनुभव काय सांगतो, यावर सगळं होतं. माझी पीएचडीसुद्धा.

बारा घरं मी निवडली, आणि बाराही मराठी निवडली. दिल्लीत माझ्या ओळखीची घरं तेवढीच होती, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. एक सोडून सगळी सरोजिनी नगर आणि आसपासच्या सरकारी क्वार्टरांतली, कुणी कृषी मंत्रालयात, कुणी रेल्वेत. आणखी एक कारण होतं, ते मी प्रबंधात लिहिलेलं नाही. मला वाटायचं, ही माणसं कागदावर खोटं लिहिणार नाहीत. फाइलींत आयुष्य गेलेली माणसं, शाईचं मोल जाणणारी.

प्रत्येक घराला मी पिवळी कार्डं दिली. दर आठवड्याला एक भरायचं. वर माझं नाव छापलेलं, 'संशोधक: रुचिरा गद्रे'. खाली रकाने: काय बिघडलं, कोणत्या तारखेला, काय केलं. शेवटी भरणाऱ्याची सही. मोठं काही मोडलं तर लॅबच्या नंबरवर फोन करायचा, मी असेन तिथून येईन. कुणी बोलावल्याशिवाय दोन उन्हाळे मी स्वतः कूलरला हात लावायचा नाही, असाही नियम मीच केला होता. मी हात लावला तर ते घरचं वापरणं कसलं?

फोन आला नाही. पंच्याण्णव सालचा अख्खा उन्हाळा मी लॅबमध्ये त्या काळ्या फोनशेजारी बसून काढला. शनिवारी बसले, रविवारीही बसले. खरं सांगायचं तर मी केवळ कूलरसाठी बसत नव्हते. कुणाच्या घरी जायचं तर मला कारण लागतं. 'सहज आले' म्हणून दारात उभं राहणं मला आजवर जमलेलं नाही. आणि मोडका कूलर हे किती चांगलं कारण होतं. हातात पाने-पक्कडींची पिशवी, दार उघडणारा माणूस आपली वाट बघत असलेला. मला तेव्हा फार एकटं वाटायचं, इतकं की आपला कूलर एखाद्या घरी मोडावा असं कधीकधी मनात यायचं. मग मी माझ्यावरच चिडायचे.

कार्डं गोळा करायला मात्र मी एक रविवार सोडून एक जायचे, उकिडव्यांकडे. शांताराम उकिडवे मंडळाचे चिटणीस होते आणि एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सत्त्याण्णवच्या जानेवारीत निवृत्त व्हायचे होते. मुलगा बंगलोरला. बाराही घरांची कार्डं त्यांच्याकडे जमत आणि ते ती तारखेप्रमाणे लावून, टाचणी मारून देत. अलकनंदाकाकू जेवल्याशिवाय सोडत नसत. भरली भेंडी, आमटी, मऊ भात. पुढच्या खोलीत कूलरसमोर बसायला गेले की काकू म्हणायच्या, तिकडे नको गं, वाऱ्याने डोकं धरेल, आत ये. मी आत जायचे. जेवताना बोलणं व्हायचं ते कूलरचंच. मला दुसरं बोलता येत नव्हतं, आणि त्यांना वाटायचं मला दुसरं आवडत नाही.

कार्डांवर दोन उन्हाळे एकच उत्तर होतं. तक्रार नाही. अक्षरं वेगवेगळी, उत्तर तेच. काहींनी तर वर शेरेही मारले होते, 'कार्य अत्यंत समाधानकारक', 'अपेक्षेहून सरस'. मी एकटीच खोलीवर ते वाचून हसले होते. सरकारी माणसं, कूलरचंही मूल्यमापन करतात, असं वाटलं.

शहाण्णवच्या सप्टेंबरात कूलर परत आणून उघडून बघायचे होते, तर कुणी द्यायला तयार होईना. राहू दे की, आम्हाला सवय झालीय. विकत देतेस का? रेल्वेतल्या जोशीबाई तर दार अडवून उभ्या राहिल्या. मी हुरळले. अहवालात लिहिलं, 'वापरणाऱ्यांनी वस्तू परत करण्यास नकार दिला, यावरून त्यांचे समाधान दिसते.' सब्बरवाल सरांनी पाठ थोपटली. सूदसाहेबांनी साचा कापायला पंधरा ऑक्टोबरची तारीख धरली. मी खोलीवर परतताना अर्धा किलो जिलबी घेतली आणि ती तीन दिवस एकटीने खाल्ली.

बारांतलं एकच घर सरकारी नव्हतं. वृंदा आणि विक्रांत, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, कालकाजीला भाड्याने राहणारे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विक्रांतचा फोन आला. ते नोएडाच्या नव्या सोसायटीत जात होते, खिडकीचा एसी घेतला होता. कूलर घेऊन जा म्हणाला, वृंदा पुण्याला गेलीय, मला आज घर रिकामं करायचंय. मी टेम्पो करून तो कूलर लॅबमध्ये आणला आणि आडवा केला.

आठपैकी पाच क्लिपा तुटलेल्या होत्या. टाकी सांगाड्याला परकराच्या नाडीने बांधली होती, घट्ट, दुहेरी गाठ मारून. दोन जागी एम-सील भरलं होतं आणि ते दिसू नये म्हणून त्यावर टाकीच्याच रंगाचा हिरवा रंग दिला होता. कुणीतरी ब्रश घेऊन, वेळ देऊन तो रंग दिला होता. क्लिपेचा तुकडा मी बोटांत धरून दाबला तर वाळलेल्या पानासारखा मोडला. दोन उन्हाळ्यांच्या उन्हाने माझं भंगारातलं प्लॅस्टिक खाऊन टाकलं होतं. मी लॅबच्या फरशीवर बसले ती बराच वेळ उठले नाही.

तशीच सरोजिनी नगरला गेले. मंगळवार होता. काका नुकतेच ऑफिसातून आले होते, पायांत अजून मोजे होते. मी ती नाडी टीपॉयवर ठेवली.

"बारांपैकी किती?" मी विचारलं.

काकांनी नाडीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथे काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या. "सगळे," ते म्हणाले. "पहिल्याच उन्हाळ्यात. आमचा सगळ्यात आधी."

मग ते सांगू लागले, आणि मधे मला बोलू दिलं नाही. त्यांची टाकी मे महिन्यात भरल्या पाण्यानिशी बाल्कनीत कोसळली होती. ते कार्ड भरायला बसले. वर माझं नाव, खाली त्यांची सही, मधे काय वाईट आहे ते लिहायचं. असा कागद त्यांनी चौतीस वर्षं पाहिला होता. सरकारात त्याला गोपनीय अहवाल म्हणतात, सगळे नुसतं सीआर म्हणतात. वरिष्ठ दरवर्षी हाताखालच्या माणसाचा सीआर लिहितो आणि त्यावर त्या माणसाचं पुढचं सगळं ठरतं. अठ्ठ्याहत्तर साली एका साहेबाने काकांच्या सीआरमध्ये एक ओळ लिहिली होती, कामात तत्परता नाही म्हणून. त्या ओळीने ते आठ वर्षं मागे पडले. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांचे साहेब झाली.

"तुझ्या नावावर बारा घरांनी तसं लिहायचं?" काका म्हणाले. "परक्या गावात एकटी पोर. मी मंडळात सगळ्यांना सांगितलं, मोडलं तर घरी बांधा, कागदावर काही जाऊ द्यायचं नाही."

"ते माझ्यावर नव्हतं काका. क्लिपांवर होतं."

"क्लिपा तुझ्याच ना?"

कुणी असं पकडलं की मी वाईट बोलते. मी म्हणाले, "मी तुम्हाला नातेवाईक व्हायला सांगितलं नव्हतं. मला आकडे हवे होते. तुमची माया नको होती मला."

काकूंच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी हळूच ओट्यावर परत ठेवला. मी नाडी उचलली आणि निघाले. बस मिळेना म्हणून चालत राहिले, पार रिंग रोडपर्यंत. जे बोलले ते धडधडीत खोटं होतं, आणि ते मला तेव्हाच कळत होतं. मला आकड्यांहून ती मायाच हवी होती. गेली दोन वर्षं मी एक रविवार सोडून एक तिच्यासाठीच जात होते.

दुसऱ्या दिवशी सब्बरवाल सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मग दोन वाटा सांगितल्या. एक, गप्प राहायचं. क्लिप जरा जाड करायची, पंधरा तारखेला साचा होऊ द्यायचा, मार्चमध्ये पीएचडी. दुसरी, सगळं खरं लिहायचं. पण त्यासाठी प्रत्येक घरी काय केव्हा मोडलं त्याच्या तारखा लागतील, आणि आधीची कार्डं खोटी होती असं बाराही घरांनी सही करून द्यावं लागेल. नाहीतर परीक्षक म्हणतील, ही बाई मनाला येईल तसे आकडे बदलते. त्यात दोन वर्षं जातील आणि सूद थांबेल याची खात्री नाही. "सोच लो बेटा," सर म्हणाले.

विचार करण्यासारखं काय होतं? माझ्या क्लिपांचे हजारो कूलर बाजारात जाणार, पहिल्याच मेमध्ये लोकांच्या बाल्कन्यांत कोसळणार आणि लोक ते भंगारात फेकून नवे घेणार. ज्या गोष्टीवर मी आयुष्यभर चिडले ती माझ्याच नावाने होणार. ते मला सहन झालं नसतं. पण सही मागायला पुन्हा त्याच दारात जायचं होतं. सरकारी माणसाकडून, निवृत्तीला तीन महिने उरले असताना, मी खोटं लिहिलं असं लिहून घ्यायचं होतं.

गुरुवारी गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते, पण काकांचा चेहरा बघून ते राहूनच गेलं. मी नुसतं काम सांगितलं. तारखा आता कुणाला आठवणार, असं मी म्हणाले, तेव्हा काकू उठल्या. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी खिळ्यावरून काढलं, कपाटावरून मागच्या वर्षीचं गुंडाळलेलं काढलं, आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवून आत गेल्या.

प्रत्येक चौकोनात पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं. 'क्लिपा २ तुटल्या.' 'जोशींची टाकी सुटली, नाडी.' 'वृंदाकडे ३, ह्यांनी जाऊन एम-सील भरलं.' बाराही घरांच्या, दोन्ही उन्हाळ्यांच्या नोंदी. जे फोन लॅबमध्ये येत नव्हते ते सगळे काकूंना येत होते. असा नेटका तक्ता मलाही करता आला नसता. मी वही काढून उतरवू लागले.

आणि एक रविवार सोडून एका रविवारी माझं नाव होतं. 'रुचिरा, भेंडी आणणे.' 'रुचिरा, खोकला होता, आल्याचा पाक देणे.' ऑगस्टच्या अकरा तारखेला लिहिलं होतं, 'रुचिराचा वाढदिवस. श्रीखंड. आपण होऊन बोलायचं नाही, अवघडते.' त्या रविवारी श्रीखंड होतं, मला आठवत होतं. मी दोनदा मागून घेतलं होतं आणि काकूंना सहज म्हणाले होते, आज काय विशेष? त्या म्हणाल्या होत्या, दूध उरलं होतं. जन्मतारीख त्यांनी मी मंडळात भरलेल्या सभासद-अर्जावरून टिपली असणार.

मी क्लिपांच्या तारखा तेवढ्या उतरवल्या. अजून न आलेल्या महिन्यांची पानंही मी उलटून पाहिली. नोव्हेंबरातल्या रविवारांवर पेन्सिलीने काही लिहून मग खोडलं होतं. खोडलेलं असलं तरी 'रु' वाचता येत होता.

काकांनी माझं टाइप केलेलं निवेदन दोनदा वाचलं. 'नजरचुकीने चुकीची माहिती दिली' असं मी त्यात लिहिलं होतं. तेवढीच सवलत मला सुचली होती.

"'नजरचुकीने' खोडा," ते म्हणाले. "नजरचूक नव्हती. जाणूनबुजून दिली. आणि सही कुठे करायची ते सांगा."

खोडा, सांगा. दोन वर्षांत ते मला असं कधी बोलले नव्हते. मी शब्द खोडला, त्यांनी खोडल्याजागी आद्याक्षरं घातली, खाली पूर्ण सही केली, हुद्दा लिहिला, तारीख घातली. टोपण लावून पेन खिशात ठेवलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी पिशवीत कागद ठेवले, पिशवीचा बंद नीट केला, पुन्हा सोडून पुन्हा बांधला. चपला घालायलाही मी वेळ लावला. जेवून जा असं कुणी म्हणालं नाही. मी जिना उतरले आणि खाली गेटपाशी थोडी थांबले, वरून हाक येते का बघायला. हाक आली नाही.

त्यांची सही पाहून बाकीच्या घरांनीही सह्या दिल्या. कुणी वाद घातला नाही, कुणी चहाही विचारला नाही. सूदसाहेबांनी माझे आभार मानले, "आपने तो बचा लिया हमें," म्हणाले, आणि दोन महिन्यांत एका परदेशी कंपनीशी करार करून खिडकीचे एसी जोडायला लागले. कूलरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. उकिडवे जानेवारीत निवृत्त झाले, क्वार्टर सोडून पुण्याला गेले. ते मला आठवडाभराने कळलं. निरोपाला जायला माझ्याकडे कारण नव्हतं.

मी स्टीलच्या क्लिपा केल्या. त्या नव्या बारा घरांत दोन उन्हाळे वापरून बघितल्या. ह्या वेळी घरं अनोळखी निवडली, पंजाबी, बंगाली, तमिळ, कुणीही. ती माणसं क्लिप कुरकुरली तरी फोन करायची आणि मी उशिरा पोचले तर ओरडायची. आकडे चोख आले. अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात तोंडी परीक्षा झाली. पहिल्या घरांनी मोडतोड का लपवली, असं बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं. आमच्या शास्त्रात त्याला एक नाव आहे, ते मी सांगितलं. पुढच्या संशोधकांनी काय काळजी घ्यावी? नमुन्यातली घरं संशोधकाच्या ओळखीची नसावीत, मी म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा-समोसे झाले, सरांना मीटिंग होती, परीक्षकांना विमान होतं. पाच वाजता मी डॉक्टर होऊन मुनिरकाच्या बसस्टॉपवर उतरले.

कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. भावाला सांगितलं असतं तर त्याने अभिनंदन केलं असतं आणि लग्नाचं विचारलं असतं. मंडळाच्या यादीत उकिडव्यांचा पुण्याचा नंबर होता. मी एसटीडी बूथच्या रांगेत उभी राहिले. तास-अर्धा तास मनात जुळवाजुळव केली: आधी माफी, मग बाकीचं.

फोन काकूंनी उचलला. मी नाव सांगितलं. मग त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, दिल्लीहून रुचिरा आहे."

काका आले. पीएचडी झाली का विचारलं. झाली म्हटल्यावर बरं बरं म्हणाले. मग घसा साफ केला.

"आणि तुझा कूलर गं? आमच्या त्या प्रकारानंतर त्याचं काय झालं ते काही कळलं नाही. मी दोनदा पत्र लिहायला घेतलं."

त्यांचा आवाज म्हातारा झाला होता. दोन वर्षं हा माणूस पुण्यात बसून काय मनात घोळवत होता, ते मला त्या एका वाक्यात कळलं. आपण एका पोरीचं वाटोळं केलं. कुणाच्या तरी नावावर आपल्या हातून ती ओळ लिहिली गेलीच. मी केलेली जुळवाजुळव विसरले.

"निघाला की बाजारात," मी म्हणाले. "सूदसाहेबांनीच काढला. क्लिपा स्टीलच्या केल्या. तुम्ही सही दिलीत म्हणून वेळीच कळलं काका, नाहीतर फजिती झाली असती. आता नोएडात दुकानादुकानांत दिसतो."

"म्हणजे तुझं नुकसान नाही झालं?"

"छे. उलट फायदाच."

मी आयुष्यात कागदावर खोटं लिहिलेलं नाही. हे काही कागदावर नव्हतं. पलीकडे काका काकूंना मोठ्याने सांगत होते, ऐकलंस का, दुकानात मिळतो म्हणे. मला बूथच्या काचेत माझा चेहरा दिसत होता, तो मी बघितला नाही.

काकूंनी फोन घेतला. मी आता तरी ते दुसरं बोलणार होते, श्रीखंडाचं, त्या संध्याकाळचं. तोंड उघडलंही होतं. पण माझ्यामागे रांगेत सात-आठ जण झाले होते, कुणी हसत होतं, कुणी घड्याळ विचारत होतं, बूथवाल्याच्या टीव्हीवर मॅच लागली होती आणि तेवढ्यात कुणीतरी बाद झाल्यामुळे एकच गलका झाला.

"घरी माणसं आलीत वाटतं," काकू म्हणाल्या. "किती गडबड ऐकू येतेय."

"हो काकू," मी म्हणाले. "सगळे आलेत."

"बाई, किती बरं वाटलं. मला आपली काळजी असायची, एकटी असतेस म्हणून. जा, त्यांना ताटकळत ठेवू नकोस."

त्यांनी फोन ठेवला. मागच्या माणसाने काचेवर टकटक केलं. मी पिशवी उचलून बाहेर आले आणि तो आत शिरला. रांगेतली सगळी माणसं, पुढे सरकायचं म्हणून, माझ्याकडे बघत होती. त्यांच्यात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं.